एका परवान्याची बंदूक

1959 च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम वाचताना एका ठिकाणी थांबावे लागते. एरवी काही हरकत नसेल तर परवाना द्यावाच, असे कायदा ज्या बंदुकांबद्दल सांगतो त्यांचे वर्णन तिथे अगदी नेमके केले आहे. पहिली बंदूक आतून गुळगुळीत नळीची, नळी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली, आणि ती संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी. दुसरी ठासणीची, आणि ती पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी. घराचे रक्षण, शिकार आणि शेताची राखण ही तीन कामे एकाच कलमात शेजारी शेजारी बसली आहेत. नागपूरहून आग्नेयेला सुमारे 45 किलोमीटरवर असलेल्या उमरेडच्या आसपास हिवाळी तलावांवर बदकांमागे जाणाऱ्या माणसाच्या हातात कोणती बंदूक असे आणि तीच का असे, याचे उत्तर माझ्या मते या कलमाच्या आगेमागेच सापडते. पाणपक्ष्यांसाठी स्वस्तात मस्त आणि सगळ्या कामाची बंदूक कोणती, हा प्रश्न जगभरच्या शिकाऱ्यांनी बंदूकवाल्याच्या दुकानात उभे राहून सोडवला. उमरेडमध्ये तो आधी कचेरीत सुटला, मग धानाच्या बांधीत, आणि शेवटी तलावाच्या पाळीवर. बदकांचा विचार त्यात सर्वांत शेवटी आला.

आधी जागा पाहू, कारण बंदुकीची निवड जागेनेच अर्धी करून ठेवली होती. उमरेड हे दोन मुलखांच्या शिवेवरचे गाव आहे. पश्चिमेकडे काळी कसदार जमीन, कापूस, गहू, ज्वारी; पूर्वेकडे भिवापूर, पवनी, नागभीडच्या दिशेने धान, तलाव आणि जंगल. रेशीमकाठी धोतरांसाठी एकेकाळी नावाजलेले कोष्ट्यांचे हे गाव पुढे कोळशाच्या खाणीमुळे ओळखले गेले, आणि 2012 साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यामुळे देशभर माहीत झाले. पण या सगळ्याच्या आधीपासून इथले पाणी माणसांनी अडवलेले आहे. पूर्व विदर्भात हजारोंच्या संख्येने असलेले, मालगुजारांच्या म्हणजे गावच्या जमीनदारांच्या नावाने ओळखले जाणारे मालगुजारी तलाव हे गोंड राजांच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या हातांनी, धानाला पाणी देण्यासाठी बांधले गेले. उताराला आडवी मातीची पाळ, तीत पाणी सोडायला तुडूम, खाली बांध्या, आणि मोठ्या तलावाच्या जोडीला लहानसहान बोड्या. पावसाळ्यात भरलेला तलाव हिवाळ्यात हळूहळू उतरतो, कडेला उथळ चिखल उघडा पडतो, त्यात देवधान, कमळकाकड्या, पाणवनस्पतींचे कंद. उत्तरेकडून आलेल्या तलवार बदकांना, थापट्यांना, चक्रांगांना, लालसऱ्यांना यापेक्षा चांगले ताट कोण वाढणार? अडई, काणूक, हळदीकुंकू आणि नकटा ही तर इथलीच, पावसाळ्यात इथेच अंडी घालणारी. म्हणजे ज्या शिकारीबद्दल आपण बोलतो आहोत तिचे सावजही शेतीनेच गोळा केले होते. धान नसते तर तलाव नसता, आणि तलाव नसता तर बदकांचे थवेही नसते.

त्याच धानावर रानडुकरे येत. पश्चिमेच्या काळ्या रानात तितर, लावा, ससा, काळवीट. पूर्वेच्या जंगलाकडे डुक्कर, चितळ आणि गुरांवर टपलेला बिबट्या. दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात एवढी वेगवेगळी जनावरे असली की केवळ बदकांसाठीची बंदूक ही चैन ठरते. इंग्लंडच्या खाड्यांवर हिवाळाभर फक्त बदके आणि हंस टिपणाऱ्या माणसांनी आठ बोर, चार बोर अशा जाड नळीच्या, खांदा निखळवणाऱ्या बंदुका वापरल्या. काहींनी तर होडीच्या नाळेवरच तोफेसारखी नळी बसवली. उमरेडच्या माणसाला असे एकमार्गी हत्यार परवडले असते तरी उपयोगाचे नव्हते. पाळीवर जाताना वाटेत ससा उठतो, परतताना मिरचीच्या शेतात डुक्कर दिसते. या मुलखाला लागणारी बंदूक सगळ्या कामाचीच असावी लागत होती.

आता कचेरीकडे येऊ. 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तीन वर्षांनी उठाव झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी देशभर शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला. 1860 चा कायदा झाला, आणि 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत नवा शस्त्र कायदा, त्या वर्षीचा अकरावा, आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. दोन्हींमागची भीती एकच होती. या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत युरोपियनांना परवान्यातून सूट होती, काही राजे-सरदारांनाही होती. बाकी सर्वांना मात्र परवाना बंधनकारक. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या भेदाविरुद्ध ठराव झाले. वंशावरून केलेला हा फरक 1920 च्या नियमांनी गेला, पण परवाना राहिलाच. मध्य प्रांतात तो डेप्युटी कमिशनरच्या हातात असे. परवान्यावर हत्याराचे वर्णन, किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील याची मर्यादा, आणि कारण. माझा सगळा युक्तिवाद या कागदाच्या तुकड्यावर उभा आहे. ज्या माणसाला खेटे घालून एका बंदुकीचा परवाना मिळणार, तो तितरांसाठी एक हलकी, बदकांसाठी एक लांब नळीची आणि डुकरासाठी एक रायफल अशी विभागणी करूच शकत नाही. रायफलीचा परवाना तर आणखी दुर्मीळ, कारण रायफल दूरवर मारते आणि सरकारला तिचीच धास्ती. गुळगुळीत नळीची बंदूक चाळीस-पन्नास वारांपलीकडे फारशी कामाची नाही, म्हणून ती सरकारला चालत होती. जी सरकारला कमीत कमी भीतीची वाटली ती बंदूक लोकांच्या वाट्याला आली, आणि तिनेच सगळी कामे करावी लागली.

यावर पहिला आक्षेप जाणकार शिकाऱ्याचा असेल. तो म्हणेल, बारा बोर सर्वत्र चालली ती तिच्या गुणामुळे. परवान्याचा इथे काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. बोर मोजण्याची रीत जुनी आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या आणि त्या नळीत नेमक्या बसल्या तर तो बारा बोर, नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोरची नळी याहून बारीक, वीसची त्याहून. बाराच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे 32 ग्रॅम छर्रे बसतात. इंग्रजी मापाने सहा नंबरचे छर्रे घेतले तर ते तीनशेच्या आसपास भरतात, चार नंबरचे एकशे नव्वदच्या आसपास, आणि एस.जी. हे जाड छर्रे घेतले तर नऊच. चाळीस वारांवर, म्हणजे साधारण 36 मीटरवर, तीस इंचांच्या वर्तुळात यांतले निम्म्याहून थोडे अधिक छर्रे पडले तरी बदकाला पुरेसे होतात. सोळा आणि वीस बोर हलक्या, हातात बसणाऱ्या, आणि तळ्याच्या काठावरून जवळून उठणाऱ्या चक्रांगाला पुरेशा. मालगुजारी तलाव लहान, पाळीच्या आडून जवळ जाता येते. इथे लांब पल्ल्याची गरज खाडीपेक्षा कमीच. म्हणजे केवळ बदकांचा विचार केला असता तर उमरेडच्या तलावांना सोळा बोरही उत्तम चालली असती. ती चालली नाही, कारण तिची काडतुसे मिळणे कठीण. बाराची काडतुसे नागपूरच्या दुकानात हमखास मिळत, इतर बोरांची मागवावी लागत. शिवाय डुकरावर टाकायची गोळी किंवा एल.जी. हे आणखी जाड छर्रे सोळात बाराइतके बसत नाहीत. बाराचे गुण खरे आहेत. पण ते गुण जिंकले ते एकच बंदूक ठेवायची सक्ती होती म्हणून.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा मुद्दा मला तोच वाटतो. सगळ्या कामाची असते ती खरे तर बंदूक नव्हे, काडतूस. ठासणीच्या बंदुकीत, जिला पूर्व विदर्भात भरमार म्हणतात, दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे, आणि मागे टोपी लावायची. वरवर पाहता हिच्याइतकी लवचीक बंदूक दुसरी नाही. हवी तेवढी दारू घाला, हवे ते छर्रे घाला, काडतुसाच्या दुकानाची गरज नाही. पण एकदा बार भरला की तो बदलता येत नाही. चक्रांगासाठी बारीक छर्रे भरून पाळीमागे रांगत गेलेल्या माणसापुढे डुक्कर आले तर तो हतबल. उलट मागून मोडणाऱ्या काडतुशी बंदुकीत चार नंबर काढून एल.जी. घालायला दोन-तीन सेकंद पुरतात. काडतूस असलेली बंदूक फ्रान्समध्ये 1830 च्या दशकात आली आणि 1860 च्या दशकात मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाने तिचा पाया पक्का झाला. त्या बदलाची चर्चा नेहमी वेगाच्या अंगाने होते: एका मिनिटात किती बार निघतात वगैरे. उमरेडच्या बाजूने पाहिले तर वेग गौण होता. तिथे त्या शोधाचा अर्थ होता मन बदलण्याची मुभा. एकच हत्यार ज्याला मिळते त्याला हीच मुभा दुसऱ्या बंदुकीच्या ठिकाणी उपयोगी पडते.

दुनळी ही याच विचाराची पुढची पायरी. दोन नळ्या म्हणजे दोन बार, एवढ्यावर तिचे महत्त्व संपत नाही. 1870 च्या दशकात नळीचे तोंड किंचित आवळण्याची, म्हणजे चोकची, युक्ती प्रचारात आली. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. मोकळ्या नळीतून चाळीस वारांवर त्या तीस इंची वर्तुळात शंभरातले चाळीस छर्रे पडतात, पूर्ण आवळलेल्या नळीतून सत्तर. म्हणून नेहमीची दुनळी उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली अशी असे. उठता उठता जवळच असलेल्या पक्ष्याला उजवी, उंच गेलेल्याला डावी. आणि गोळी टाकायची वेळ आली तर ती उजवीतूनच, कारण आवळलेल्या तोंडातून जाड गोळी घालवणे धोक्याचे. घोड्याची असो की बिनघोड्याची, एकाच दस्त्यावर दोन स्वभावांच्या नळ्या बसवल्यामुळे ही बंदूक दोन परवान्यांचे काम एका परवान्यात करत होती. एकनळी अर्थातच स्वस्त आणि हलकी. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीनरनेच मार्टिनी पद्धतीची एकनळी काढून तिला सर्वसाधारण कामाची या अर्थाचे जी.पी. हे नाव दिले. ज्यांना दुनळी परवडत नव्हती त्यांना एकनळी पुरेशी होती. पण तिच्या मालकाला जवळचा पक्षी की दूरचा, हे बंदूक विकत घेतानाच ठरवावे लागे.

मग पैशांचा प्रश्न, आणि त्यातून शिकारीच्या नीतीचा. बंदूक एकदाच घ्यायची असते, काडतूस दर वेळी. चक्रांग हे सुमारे तीनशे ग्रॅमचे लहानगे बदक. एका काडतुसात एक चक्रांग ही सौदा म्हणून तोट्याचीच गोष्ट. नकटा नर दोन किलोंच्या पुढे भरतो, पण तो बाभळीच्या टोकावर सावधपणे बसतो आणि माणूस दिसताच उडतो. तेव्हा ज्याच्याकडे वर्षाची काडतुसे मोजून आहेत, तो पाळीच्या आडून सरपटत जाऊन पाण्यावर दाटीने बसलेल्या थव्यावर एकच बार टाकणार, हे उघड आहे. इंग्रजी शिष्टाचारात बसलेल्या पक्ष्यावर बार टाकणे लाजिरवाणे मानले जाई, आणि आपल्याकडच्या शिकारीच्या लिखाणातही तो नियम जसाच्या तसा आला. मला हा नियम जितका उदात्त वाटतो तितकाच तो श्रीमंतीचा वाटतो. उडत्या पक्ष्यांवर नेम धरायचा तर बरेच बार वाया घालवण्याची ऐपत लागते. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत 39 बंदुकांनी 4,273 पक्षी पाडले, माणशी शंभरावर. ते सगळे उडतेच होते, म्हणजे शिष्टाचार तंतोतंत पाळला गेला. पाळीआडून एका बारात चार-पाच चक्रांगे पाडून घरी जाणारा शेतकरी त्या मापाने गावंढळ ठरतो. पक्ष्यांच्या बाजूने हिशेब मांडला तर कोण अधिक संयमी होते, हे वेगळे सांगायला नको. अर्थात त्या एका बारात जखमी होऊन देवधानात शिरलेली, हाती न लागलेली पाखरे किती, हा प्रश्न उरतोच, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने बोलताना झाकता कामा नये.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा असू शकतो. बदकांच्या शिकारीचा इतिहास हा साहेबांचा आणि मालगुजारांचा इतिहास आहे. त्यांच्याकडे एक सोडून चार बंदुका असत. मग एका परवान्याची ही कथा कोणाची? शिकारीची पुस्तके लिहिली साहेबांनी, हे खरे. ह्यूम आणि मार्शल यांचे भारतीय शिकारी पक्ष्यांवरचे तीन खंड 1879 ते 1881 या काळातले, स्टुअर्ट बेकरचे भारतीय बदकांवरचे पुस्तक 1908 चे. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाल्यावर नागपूरच्या साहेबाला उमरेडकडचे तलाव एका सुट्टीत गाठता येऊ लागले. पण साहेब येई दोन दिवसांसाठी आणि बदलून जाई तीन वर्षांनी. त्याची बंदूक त्याच्यासोबत जाई. तलावावर वर्षभर राहणारी बंदूक होती मालगुजाराची, पाटलाची आणि पिकासाठी परवाना मिळवलेल्या मोठ्या शेतकऱ्याची. आणि मालगुजाराच्या चार बंदुका म्हटल्या तरी त्यांतल्या बऱ्याच आजोबांच्या काळातल्या असत. कलकत्त्याच्या मँटन किंवा रोड्डा यांसारख्या पेढ्यांतून आलेली एखादी इंग्रजी दुनळी, एखादी बेल्जियमच्या लीएजची स्वस्त नक्कल, एखादी जुनी ठासणी. त्या जुन्या नळ्या पुष्कळदा लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, वर सुंदर वेलबुट्टी उमटलेल्या, आणि काळ्या दारूसाठीच केलेल्या. बिनधुराच्या नव्या दारूचे काडतूस त्यांत घालणे म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण. नळीच्या घराची लांबीही पाहावी लागे. 65 मिलिमीटरच्या घरात 70 चे काडतूस बसल्यासारखे वाटते, पण तोंड उघडायला जागा नसल्याने दाब धोकादायक वाढतो. तेव्हा मालगुजाराच्या भिंतीवर चार बंदुका असल्या तरी रोजच्या वापराची, भरवशाची अशी एकच असायची, आणि ती बहुधा पोलादी नळीची बारा बोर दुनळी. दोन्ही वाटा शेवटी एकाच हत्यारापाशी येतात.

बंदुकीच्या दुकानावर सरकारची नजर का करडी होती याचा दाखला रोड्डा कंपनीच्याच नावाने इतिहासात राहिला आहे. 26 ऑगस्ट 1914 रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी या पेढीच्या मालातून 50 माउझर पिस्तुले आणि हजारो काडतुसे पळवली. त्यानंतर परवान्याकडे सरकार अधिकच संशयाने पाहू लागले असेल तर नवल नाही. ज्या राज्यकर्त्यांना प्रजेच्या हातातली प्रत्येक नळी आपल्यावर रोखलेली दिसते, त्यांच्या राज्यात शेतकऱ्याला आपली बंदूक डुकरासाठी आहे हे सतत सिद्ध करत बसावे लागते. बदकांचे नाव अर्जात घालण्यात अर्थ नव्हता. पीक हे अर्जात टिकणारे कारण होते, आणि पिकाच्या नावाने आलेली बंदूक हिवाळ्यात तलावावर गेली नसेल असे मानणे कठीण आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. 1950 च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ज्यात नागपूर होते, मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारकडे आले. दुसरीकडे, बंदूकही सरकारी झाली. ईशापूरच्या कारखान्यात बारा बोरच्या बंदुका बनू लागल्या, पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून शक्तिमान नावाची काडतुसे येऊ लागली. मुंगेर आणि जम्मूचे परवानाधारक कारागीरही बारा बोर बनवत होते. इंग्रजी नावांची मक्तेदारी मोडली, आणि परवडणारी बंदूक हा शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागला. ईशापूरच्या बंदुकीत बर्मिंगहॅमचा नाजूकपणा नव्हता. ती जड होती, लाकूड साधे होते. पण तिला खडकीचे काडतूस चपखल बसत होते आणि बिघडली तर दुरुस्त होत होती. जड बंदुकीचा धक्काही खांद्याला कमी बसतो, ही गोष्ट दिवसात पाच-सहाच बार काढणाऱ्या माणसाला दोष न वाटता गुणच वाटली असणार. 1959 चा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला, आणि सुरुवातीला सांगितलेले ते कलम त्यातले. शेतकऱ्याला ठासणी आणि खेळासाठी काडतुशी, अशी वाटणी त्यात केलेली दिसते. ठासणी पिकाला अपुरी पडत असेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची सोयही आहे. आपल्या स्वतंत्र संसदेने बंदुकांची जी वर्गवारी केली ती इंग्रजी काळातल्या व्यवहाराचीच लेखी कबुली होती.

पक्ष्यांचा कायदा याला समांतर चालला होता. 1912 च्या कायद्याने बदकांसह अनेक पक्ष्यांना विणीच्या काळात अभय दिले, म्हणजे बंदी हंगामापुरती होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बदके चौथ्या अनुसूचीत टाकली. तिथले प्राणी लहान शिकारीच्या परवान्यावर मारता येत. 1991 च्या दुरुस्तीने ही परवान्याची पद्धतच काढून टाकली. तेव्हापासून तलावावर बदक मारणे हा सरळ गुन्हा आहे, आणि मला हे योग्यच वाटते.

पण इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो तलावावर प्रेम करणाऱ्यांकडून येतो: स्वस्त बंदुकीनेच बदके संपवली, तर तिच्या इतिहासाचे कौतुक कशाला? बंदुकीने पक्षी मेले हे कोण नाकारील? तरीही बंदुकीची भीती गेल्यावर तलावांची काय गत झाली ते पाहावे. मालगुजारी गेली तेव्हा तलावाची पाळ दुरुस्त करण्याची, तुडूम राखण्याची, गाळ काढण्याची गावाची जबाबदारीही सैल झाली. सरकारी खात्याला हजारो लहान तलावांकडे लक्ष देणे झेपले नाही. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी कडा व्यापल्या, काही बोड्या शेतात गेल्या, काही खाणीच्या आणि वस्तीच्या पोटात. मकरधोकड्यासारखे पाटबंधाऱ्यांचे मोठे जलाशय नंतर आले, पण खोल पाणी म्हणजे उथळ चिखल नव्हे. कंद उकरणाऱ्या बदकाला उथळच लागते. बंदूक थवा कमी करते, पण तलाव मेला की थव्याला उतरायला जागाच राहत नाही. आणि बंदुकीचे एक दीर्घकाळ टिकणारे पाप आहे, ज्याचा विचार जुन्या शिकाऱ्यांनी केला नाही: शिसे. चुकलेल्या प्रत्येक बारातले दोन-तीनशे छर्रे चिखलात बसतात. बदके दाणा दळण्यासाठी खडे गिळतात तसे तेही गिळतात आणि शिशाच्या विषाने झिजून मरतात. अमेरिकेने 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले, युरोपीय संघाने पाणथळ जागांत 2023 मध्ये. आपल्याकडे शिकारच बंद झाल्याने हा प्रश्न कोणी विचारला नाही. पण जुन्या पाळीसमोर पडलेले शिसे कुजत नाही, आणि गाळ उपसला की त्याच्यासोबत ते शेतात पसरते.

बारा बोर मात्र उमरेड-भिवापूरच्या घरांतून नाहीशी झालेली नाही. परवाना वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो, म्हणून आजोबांची ईशापुरी दुनळी नातवाच्या नावावर असते. तिला आता एकच कायदेशीर शेतकाम उरले आहे: पिकांची नासाडी करणारी रानडुकरांसारखी जनावरे मारणे, आणि तेही वन खात्याची परवानगी असेल तरच. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. इथल्या बहुतेकांना त्याने काही फरक पडला नसेल, कारण त्यांच्याकडे मुळात एकच होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर पावती दाखवून परत मिळते. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात डावी नळी, ती आवळलेली, दूरच्या उंच बदकासाठी केलेली, कापडी बोळ्याने तेल लावून पुसली जाते, आणि तिच्यातून बार निघण्याचे कायदेशीर कारण आता कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते.